वन्सं, कवळी माझ्यापाशी आहे

वन्सं, तुम्ही सांगितलेली दोन्ही कामं मी केली.

पहिलं सगळ्यांच्या देखत केलं. तुम्हाला न्हाऊ घातलं, कपाळाला, दंडांना भस्माचे पट्टे ओढले, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की बसवूनच नेतात, बसवूनच मातीत ठेवतात. स्वामी म्हणाले, "लिंग हातावर कोण ठेवतंय?" माझा शिवा पुढं झाला. भाचा म्हणून मान त्याचाच. मी म्हणलं, "थांब बाळा, आत्यानं मला सांगितलंय." तो माझ्याकडं बघतच राहिला. मग बाजूला सरला. तुमच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली, आतलं लिंग काढलं आणि तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं. वरून पांढरं फडकं बांधलं. गाठ नीट बसली का ते परत एकदा चाचपून बघितलं, तुम्ही बघितलं असतं तसं.

दुसरं काम त्याच्या आधीच झालं होतं, न्हाऊ घालताना. शेवटच्या दिवशी स्वामी भेटायला आले म्हणून लावलेली कवळी तुमच्या तोंडातच होती, ती मी काढून घेतली. शेजारची इठाबाई पाणी घालत होती. ती म्हणाली, "अगं राहू दे की ती. गाल आत गेले बघ, म्हातारी कशी दिसायला लागली." मी म्हणलं, "दिसू दे." तिला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, नणंद गेली आणि हिचं बी डोकं गेलं.

दोन्ही कामं झाली, पण पहिल्या कामाचा घोर अजून गेलेला नाही. माझ्या मनात काय आहे ते घरात एकट्या तुम्हाला माहीत होतं. माहीत असून ते लिंग ठेवायला मलाच का सांगितलंत? मला माफ केलं म्हणून, की जाता जाता भांडण जिंकायचं म्हणून? स्वामींना विचारायची सोय नाही. शिवाला तर नाहीच नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. जन्मभर तुमच्याशीच बोलत आले, आता मधेच कुणाशी बोलू?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला आपलं घर ठाऊक नाही, म्हणून थोडं मागचं लिहिते. तुम्ही म्हणायचात ना, "गिरजे, तुझं बोलणं म्हंजे शेवग्याचं झाड, कुटून बी फांदी फुटती." फुटू द्या.

मी या घरात लग्न करून आले तेव्हा तुम्ही शिरूरहून कायमच्या माहेरी आलेल्या होतात. नवरा तरणाताठा गेलेला, मूलबाळ नाही. तुमचे भाऊ, म्हणजे माझे मालक, लिंबागणेशच्या देवळाच्या वाटेवर किराणा दुकान चालवायचे. चालवायचे म्हणजे माल आणायचे. दुकान चालवायचात तुम्ही. गल्ल्यामागं बसून, पदर खोचून, तराजूला एक बोट सुद्धा न लावता. मला वाटलं, आता ही बाई मला सळो की पळो करणार. गावातल्या बायकांनी तसं सांगितलंच होतं.

मला अक्षर येत नव्हतं. तुम्हाला यायचं, पण ते उर्दू. निजामाच्या अमदानीत तुमच्या वडिलांनी दुकानात मांडीवर बसवून शिकवलेलं, उजवीकडून डावीकडं. मराठी तुम्ही अडखळत वाचायचात. मला दोन्ही सारखंच, काळ्या मुंग्या. चहाच्या पुड्यावर चहा लिहिलेलं असतं आणि साबणाच्या वडीवर साबण, एवढं धरून मी एक एक अक्षर जुळवत गेले. त्यात 'हा' सापडला, 'ब' सापडला. मग पुडी बांधायच्या रद्दीवर तेच अक्षर दिसलं की मला कोण आनंद व्हायचा. परीक्षा झाली की गावातली पोरं शाळेची पुस्तकं आपल्याच दुकानात रद्दीत घालायची. सगळ्या इयत्ता माझ्या हाताखालून गेल्या, फक्त फाटून.

एकदा गिऱ्हाईक उभं आणि मी हळदीची पुडी बांधायच्या आधी कागद वाचत बसलेली. तुम्ही बघितलंत. मी म्हणलं, झालं, आता खेटर पडतंय. तुम्ही गिऱ्हाईकाला म्हणलात, "हळद घरी गेली की कागद परत आणून दे रे. हिचा धडा राहिलाय."

तो माणूस हसत गेला, पण संध्याकाळी कागद आणून दिला. पिवळाधम्मक. तेव्हापासून चांगली पानं दिसली की तुम्ही ती पुडीला वापरायची नाहीत. गल्ल्याच्या गादीखाली सारायची आणि दुपारी मला द्यायची. त्यात काय लिहिलंय ते तुम्ही बघत नव्हता. छापलेलं आहे ना, मग हिच्या कामाचं, एवढाच तुमचा हिशोब. ज्या पानांनी माझ्या डोक्यातला देव हलला ती पानं मला तुमच्याच गादीखालून मिळाली, वन्सं. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही. तुम्हाला लागलं असतं, की हसला असता, आता काय कळणार.

त्यातलंच ते चित्र. एका ओळीत पाच-सहा आकृत्या. एका टोकाला चार पायांवरचं माकड, मग जरा उठलेलं, मग वाकलेलं, आणि दुसऱ्या टोकाला ताठ उभा माणूस. खाली लिहिलेलं अर्धं फाटून गेलेलं. तुम्ही कागद हातात घेतलात, डोळे बारीक केलेत आणि खूश झालात.

"बघ, बघ. छापणाऱ्यानं किती खरं दाखवलंय. आधी माणूस कसा ताठ. मग वाकला. मग हात भुईला लागले. शेवटाला माकड. हेच ते कलियुग."

मी म्हणलं, "वन्सं, तुमी उलटं बघताय. डावीकडून बघा. आधी माकड हाय."

"कावून? उजवीकडून कावून न्हाई?"

"मराठी डावीकडून असतंय."

"चित्र कुटं मराठी असतंय का?"

 तुम्ही उजवीकडून वाचायला शिकलेल्या, तुमची नजर तिकडूनच सुरू होणार. पण नुसत्या सवयीचं ते नव्हतं, हे मला पुढं कळलं. तुमचं म्हणणं असं की माणूस वरून आला, महादेवानं घडवून पाठवला, आणि इथं येऊन बिघडत चालला. माझ्या पानांचं म्हणणं असं की माणूस खालून आला, कुणी न घडवता, सावकाश, एवढा सावकाश की आपल्याला मोजता येणार नाही. कागद एकच. तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला. तूर निवडताना, पापड लाटताना, वीज गेल्यावर ओसरीत बसून, आपण दोघी त्या एका कागदावरून भांडत राहिलो.

तुम्ही नुसत्या हट्टी असता तर मी कधीच गप्प बसले असते. पण तुमचं डोकं चालायचं. एकदा म्हणलात, "चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून माणसाचा जन्म येतो, हे आमच्या आज्यानं सांगितलंय. मासा, कासव, डुक्कर, माकड, सगळं त्यात हाय. तुझ्या पुस्तकाला ते आत्ता कळलं."

मी म्हणलं, "तिथं जीव फिरतो, वन्सं. देह तयार असत्यात, जीव यात शिरतो, त्यात शिरतो. इथं देहच बदलत आलाय. पिढीनं पिढी, इत्तूसा इत्तूसा."

तुम्ही तुरीतला एक खडा काढून टाकलात. मग म्हणलात, "मग पहिलं माणूस कोणतं? ज्याच्या आईला माणूस म्हणायचं न्हाई आणि पोराला म्हणायचं, असं कोण?"

हा प्रश्न मी पुढं किती ठिकाणी शोधला. उत्तर असं मिळालं की असं एक माणूस कधी नव्हतंच. प्रत्येक आईला आपलं पोर आपल्यासारखंच दिसलं. तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणलात, "आईला दिसणारच." आणि विषय संपवलात.

आता त्या दिवसाचं लिहायला पाहिजे. त्याशिवाय तुमच्या तळहाताची गोष्ट पुरी होत नाही.

तुमचा नेम असा की पहाटे अंघोळ, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, बेलाचं पान, भस्म, आणि त्याच्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. जेवायचं ते बी लिंग बांधलेल्या, पूजा केलेल्या बाईच्याच हातचं. मी तुमच्या शेजारी बसून रोज पूजा करायची. लग्नातच बांधलं होतं गळ्यात. पण वाचत वाचत माझं असं झालं की हातावर लिंग आहे, तोंडात नाव आहे, आणि आत काही नाही. रिकाम्या डब्यासारखं. तुमच्याकडं बघायची. तुमचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काहीतरी मऊ मऊ पसरलेलं. मला वाटायचं, मी चोरी करतेय. ही बाई माझ्या हातचं एका भरवशावर खाते आणि तो भरवसा माझ्याजवळ नाही.

एका सकाळी भाकरी थापता थापता बोलून टाकलं. "वन्सं, मला आता हे सगळं महादेवानं घडवलं असं वाटत न्हाई. आपोआप झालं असं वाटतंय. मी लिंग हातावर धरते, पण आत काय होत न्हाई. माझ्या हातचं खायचं का न्हाई, ते तुमी ठरवा."

तुम्ही पदर सावरलात आणि उपाशीच दुकानात गेलात. मी चुलीपाशी बसून राहिले. मालक जेवून गेले, शिवा शाळेतून येऊन जेवून गेला, तुमचं ताट तसंच. मला वाटलं, या घरातलं माझं बस्तान आज उठणार. माहेरी पाठवतील. गावात होईल, की वाण्याची सून पाखंडी निघाली. आणि खरं सांगू, त्याचंही भय नव्हतं एवढं. तुम्ही स्वतःची चूल वेगळी मांडाल, त्याचं होतं.

दुपार कलल्यावर तुम्ही आलात. पाटावर बसलात.

"हात धुतलेस का?"

"धुतले."

"मग वाढ."

मी वाढलं. वरण ताटाबाहेर सांडलं. तुम्ही चार घास खाल्लेत आणि म्हणलात, "खोटं बोलून वाढलं असतंस तर बाधलं असतं मला. आता न्हाई बाधणार." आणखी थोड्या वेळानं, "शिवाला सांगू नको. आणि गळ्यातनं काढू नको ते. तुला काय वाटतंय आणि काय न्हाई, त्याच्यावाचून देवाचं काय अडलंय?"

झालं. एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पूजेला उठायचं की नाही म्हणून पडून राहिले, तर तुम्ही हाक मारलीत, "ऊठ, बेल तोडून आण. तेवढं तर करशील?" त्या दिवसापासून बेल मी आणायची, पूजा तुम्ही करायची. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण मोठमोठ्या शिकलेल्या घरात बापलेक या गोष्टीवरून तोंड बघत नाहीत एकमेकांचं, हे मी बघितलंय. आपल्या घरात एक ताट थोडं थंड झालं, बस्स.

पुढं माझी पानं वाढली. शिवा मोठा झाला, दुकान त्यानं घेतलं, घरात पेपर यायला लागला. एकदा रविवारच्या पुरवणीत वाचलं की ती ओळच बरोबर नाही. माणूस माकडापासून झाला असं म्हणायचं नसतं. दोघांचा मूळ पुरुष एक होता, तो माकडही नव्हता आणि माणूसही, आणि त्याच्यापासून फांद्या फुटल्या. मी तशीच पेपर घेऊन दुकानात पळत आले.

"वन्सं, दोघी चुकलो. उजवीकडून बी न्हाई आणि डावीकडून बी न्हाई. झाड हाय ते. माकड आपला आजा न्हाई, भावकी हाय. मूळ पुरुष एक, पुढं वाटण्या झाल्या."

तुम्ही चष्मा वर केलात. "म्हंजे बांधावरनं भांडण आलंच. म्हणून मेले हरभऱ्यात शिरत्यात. हिस्सा मागत्यात."

थोड्या दिवसांनी पालीच्या रस्त्याला एक वानर तारेला चिकटून मेलं. गावानं त्याला मारुती म्हणून तिरडीवर घातलं, भजन लावलं, वाजत गाजत नेऊन पुरलं. इठाबाईच्या घरचे तर पुढारपण करायला. तिच्या थोरल्यानं डोकं भादरलं, तेराव्याला गावजेवण घातलं. हरभऱ्याची डाळ आणि गूळ आपल्या दुकानातून गेला, तुम्हीच भरून दिलात. इठाबाई ओसरीवर बसलेली, मी तिला म्हणलं, "इठाबाई, सुतक कुणाचं धरत्यात?"

"कुणाचं म्हंजे? भावकीचं."

"मग ह्या वानराचं धरलंत, ते तुमचं कोण?"

इठाबाई म्हणाली, "तो देव हाय."

"आन् मी भावकी म्हणलं तर तुमी मला मारायला उठता."

ती तुमच्याकडं वळली. "भागीरथीआक्का, हिला सांगा काय तरी." तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकलात. "मी काय सांगू? आमच्यात सुतकच नसतंय. तुमचं तुमी बघा दोघी." अशा सुटायच्या तुम्ही. मात्र ती गेल्यावर मला म्हणलात, "लोक त्याला देव म्हणून पुरतील, भाऊ म्हणून न्हाई पुरणार. देव लांबचा असतो गिरजे. भाऊ म्हणलं की ताटात वाढावं लागतंय." हे वाक्य मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

मग तुम्ही दुकानाच्या पायरीवर घसरून बसलात. बीडला दवाखान्यात नेलं, फोटो काढला, डॉक्टर पोरगं म्हणालं, "आजी, माकडहाडाला मार बसलाय." मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोट दाखवलंत. "तू काय बी बोलू नको." पण मी बोललेच. शेपटी गेली, बुडखा राहिला, त्याचंच हे दुखणं. डॉक्टर पोरगं मान हलवत होतं, हो आजी, तसंच आहे. तुम्ही त्याला म्हणलात, "तू गोळ्या लिही." जीपमध्ये उशीवर आडवं पडून बीडपासून घरापर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मांजरसुंब्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा तेवढं म्हणलात, "शेपटी असती तर नीट बसता तरी आलं न्हसतं."

दात मात्र हळूहळू गेले. शेवटचा गेला तेव्हापासून तुमची भाकरी मी दुधात कुस्करायला लागले. भाकरी ताजी नको, सकाळची पाहिजे, दूध कोमट पाहिजे, आणि कडेचा पापुद्रा वेगळा काढायचा, तो तुमच्या घशाला लागायचा. शिवानं मुलीच्या लग्नाच्या आधी तुम्हाला कवळी करून आणली. तुम्ही ती लग्नाकार्याला लावायची आणि स्वामी घरी यायचे तेव्हा. जेवताना काढून वाटीत ठेवायची. "हिच्यानं चव लागत न्हाई, घोड्याच्या लगामासारखं वाटतंय."

अशीच एकदा कुस्करा भरवता भरवता मी पेपर वाचत होते. लांबच्या कुठल्या डोंगरी मुलखात एक कवटी सापडलेली. लाखो वर्षांची, आपल्यासारखा पुरता माणूस व्हायच्या आधीच्या कुणाची तरी. म्हातारं माणूस होतं, आणि त्याचे दात जवळजवळ सगळे गेलेले. नुसते पडलेले नाहीत, त्यांच्या खाचा हाडानं भरून आलेल्या.

तुम्ही घास तोंडात तसाच धरलात. "भरून आलेल्या म्हंजे?"

"म्हंजे दात गेल्यावर लगेच मेलं न्हाई ते. लई दिवस जगलं. वर्षं असतील."

"तवा भाकरी होती?"

"भाकरी न्हाई, शेत न्हाई, गाडगं न्हाई."

"मग खात काय होतं?"

"पेपरात लिहिलंय, दुसरं कुणीतरी मांस ठेचून, मऊ करून देत असंल. काहीजण म्हणत्यात, तसंच असं न्हाई, आपलं आपण बी मऊ शोधून खाल्लं असंल."

"ते म्हणणारांना दात असतील अजून," तुम्ही म्हणलात. मग घास गिळलात. "कोण देत असंल गं?"

"त्याचं काय लिहिलेलं न्हाई."

"भावजय असंल," तुम्ही म्हणलात.

मला हसू आलं, पण तुम्ही हसत नव्हता. तुम्ही म्हणलात, "हे मात्र खरं असंल."

"आन् बाकीचं? एवढे दिवस मी वाचलं ते?"

"बाकीचं मी बघितलेलं न्हाई. हे रोज बघतीय."

मग माझं बोट धरून तुम्ही ते तोंडात नेलंत, हिरडीवरून फिरवायला लावलंत. "माझ्या भरल्या का बघ." हिरडी गुळगुळीत, टणक, नदीतल्या गोट्यासारखी. मी म्हणलं, "भरल्या." तुम्हाला काय समाधान झालं म्हणून सांगू. जणू परीक्षेत पास झालात. दुसऱ्या दिवशी इठाबाई आली तर तिला ऐकवलंत, "इठे, तुला जाळतील, तुझं काय बी राहायचं न्हाई. मी बसून राहणार मातीत. गिरजेच्या पेपरवाल्यांना मीच घावंन." इठाबाई म्हणाली, "घावा. कवटी बघून म्हणतील, कोण ही भांडकुदळ?" तिघी डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलो.

आता शेवटचं. यंदाच्या थंडीत तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा एकदा सकाळी पूजा आटपून, लिंग डबीत घालून, तुम्ही मला जवळ बसवलंत. "गिरजे, मला बसवतील तवा हातावर लिंग तू ठेव."

"मी? वन्सं, तुमाला माहीत हाय ना."

"माहीत हाय म्हणून तर सांगतीय. शिवा ठेवील, त्याला देव वाटतो म्हणून. तू ठेवशील ते मला वाटतो म्हणून."

 तुम्हीच पुढं म्हणलात, "आणिक एक. कवळी काढून घे तवा."

"कावून?"

"पुढं कुणी उकरलं तर म्हणतील म्हातारीला दात होते. तुझी एवढ्या वर्षांची भाकरी वाया जाईल."

मी हसले. मग दाराआड जाऊन रडले. दोन सांगितलीत, वन्सं. एक तुमच्या देवाचं, एक माझ्या पुस्तकाचं. आता लिहिताना मला दिसतंय की तुम्ही भांडण जिंकतही नव्हता आणि माफही करत नव्हता. माफ करायला तुम्ही माझ्यावर कधी रागावलाच नव्हता, त्या दुपारी ताट थंड झालं तेवढंच.

लिंग ठेवताना आत काय झालं, तेही सांगते. तुमच्याशी एकदा खरं बोलले, तसंच आताही. देव नाही आला. पण तुमची बोटं आधीच वाटीसारखी वळलेली होती, रोज पहाटे वळायची तशी. मला काही करावंच लागलं नाही. जागा तयार होती. मी नुसतं ठेवलं. माझ्या जन्मात मी केलेली ती एकच पूजा असेल, जी करताना मी रिकामी नव्हते.

तुम्हाला शेतात आंब्याच्या बाजूला बसवलं. दुकानातलंच मीठ घातलं, बेल घातला. बेल मी तोडला होता. घरी आल्यावर संध्याकाळी सवयीनं भाकरी दुधात कुस्करली, पापुद्रा काढला, आणि वाटी हातात घेऊन उभी राहिले. मग मीच खाल्ली. मला अजून दात आहेत, तरी मऊ बरी लागली. शिवानं फळीवर कवळी बघितली. "आई, हिचं काय करायचं?" मी म्हणलं, "राहू दे माझ्यापाशी."

कधी लाखो वर्षांनी कुणी तिथं उकरलंच, तर एक बाई बसलेली सापडेल. जबड्यात दात नाहीत, खाचा भरून आलेल्या. त्यावरून त्यांना कळेल की हिला कुणीतरी खायला घालत होतं. डाव्या हातात एक काळा गोटा सापडेल. तो कशाचा, ते त्यांना कळायचं नाही. उकरणाऱ्या दोन बायका असल्या तर फार भांडतील. एक म्हणेल देव, दुसरी म्हणेल नुसता दगड. एक उजवीकडून बघेल, एक डावीकडून. मग ऊन कलेल, पोटात कावळे ओरडतील, आणि त्यातली एक म्हणेल, हात धुतलेस का, मग वाढ.